सुलाबाईसाठी केलेली भाकणूक

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. मी माणसांच्या तोंडात राहतो. मी एक जुना शब्द आहे आणि माझे नाव भाकणूक.

मला कोणी घडवले ते मला ठाऊक नाही. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांत मी वाढलो. देवाच्या दारात, चारचौघांसमोर, पुढे काय होणार ते सांगणे, एवढाच माझा अर्थ. माण तालुक्यातल्या एका गावात वर्षातून एकदाच, चैत्रातल्या बिरोबाच्या जत्रेला, मला बोलावत. म्हातारा बिराप्पा त्या दिवशी उपाशी राही. ढोल थांबले की तो बोले, "मिरीग कोरडा जाईल. मेंढरास्नी रोग यील, जपा." ते साऱ्या गावासाठी असे. एकदा कोणी विचारले, "माझ्या पोराचं लगीन कवा?" बिराप्पा म्हणाला, "ते तुझ्या बायकूला इचार, देवाला कशाला तरास?" सगळे हसले.

तो चुकेही. पण त्याचे ऐकून लोक मेंढरांना लस टोचून घेत, त्यामुळे तो चुकला तरी मेंढरे वाचत. तेव्हा मला मान होता.

बिराप्पा गेला आणि त्याचा पुतण्या जयराज देवापुढे उभा राहू लागला. त्याच्या तोंडात मला गुटख्याचा वास येई. तो मी सोसला असता. पण तो मला रोज बाहेर काढू लागला. निवडणूक, क्रिकेट, नोकरी, मूलबाळ, सगळ्याला मीच. मोबाईलवर माझे व्हिडिओ फिरू लागले. शिळ्या कालवणासारखा मी आंबलो. मला माझीच किळस येऊ लागली.

त्याच गावात अर्जुना आणि सुलाबाई हे नवराबायको राहत. सुलाबाईच्या छातीत गाठ निघाली. जिल्ह्यातल्याच मलकापूरच्या मोठ्या दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख मिळाली, जत्रेनंतर आठ दिवसांची. अर्जुना भ्याला होता. जत्रेत त्याने जयराजचे पाय धरले. जयराज डोळे मिटून म्हणाला, "दसऱ्यापतुर खडखडीत हुईल. गाठीला लोखंड लावू नगा."

घरी सुलाबाई पिशवी भरत होती. अर्जुना म्हणाला, "राहू दे. भाकणूक झालीया."

"देवानं गाठ हात लावून बघितली व्हय?" ती म्हणाली.

"असं बोलू नगं, सुले."

"मग तुमी तरी बघा. लिंबाएवढी हाय."

त्याने बघितले नाही. तारीख गेली. सुलाबाईनेही पुढे पिशवी काढली नाही. ती भाद्रपदात गेली. दसऱ्याला अजून महिना होता.

तिचे दिवस घातल्यावर अर्जुना जयराजकडे गेला. जयराज सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "देव चुकत न्हाई गड्या. तुज्या घरात कायतरी इटाळ झाला असंल."

मित्रांनो, त्या तोंडातून निघताना मी थुंकीसारखा निघालो होतो, हे मला तेव्हा कळले. मला थुंकता येत असते तर मी त्याच्यावर थुंकलो असतो.

पुढच्या चैत्रात पुन्हा ढोल वाजले. अर्जुनाच्या भावकीतली मनुबाई जयराजपुढच्या रांगेत उभी होती. दोन महिने तिला खोकला होता आणि आता पदराला रक्त लागत होते. अर्जुनाने तिला हाताला धरून रांगेतून बाहेर काढले.

"वैनी, चला. दोनची एसटी हाय."

"आवं भावजी, देवाला इचारू तरी द्या."

"इचारा की. येताना."

लोक बघत राहिले. कोणीतरी म्हणाले, "बायकू गेल्यापासनं बिघडलाय." अर्जुनाने ऐकले आणि तो चालत राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मनुबाईची छाती तपासली, फोटो काढायला सांगितला. म्हणाले, "आत्ताच काही सांगता येत नाही. रिपोर्ट येऊ दे, मग बोलू." बिराप्पानंतर एवढे स्वच्छ तोंड मी पाहिले नव्हते.

बाहेर बाकावर अर्जुना बसला होता. शेजारी बसलेल्या माणसाने विचारले, "काय वाटतंय, वाचत्याल का?" मी अर्जुनाच्या जिभेपर्यंत आलोच होतो. त्याने ओठ दाबले आणि मला गिळून टाकले.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी आजारी पडले, तर मलाही असेच गिळा, आणि आधी एसटी किती वाजता आहे ते बघा.