मंडळाचं पूर्ण नाव

जातपडताळणीच्या अर्जाची मुदत पाचला संपत होती. साडेचारला आमच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेचा संगणक मला सांगत होता, ‘जात’ हा द्वेषाचा शब्द आहे, म्हणून पान बंद. अर्ज चुकला की नर्सिंगची जागा गेली. मोबाइलचा टॉवर तीन दिवस मेलेला.

इंटरनेट एका कंपनीनं दान दिलेलं. सोबत एक पेटी, इंटरनेट तिच्यातूनच यायचं, आम्ही वंगाळ काही बघू नये म्हणून पानं गाळणारी. ज्यांच्या आज्यापणज्यांनी जात विचारल्याशिवाय पाणी वाढलं नाही, त्यांच्या पेटीला आता तो शब्द खुपतो.

पेटी सांभाळणारा निकेश म्हणाला, “परवानगी माग, रचना. संस्थेचं नाव टाक. दोन दिवसांत उत्तर येतं.”

“माझ्याकडं अर्धा तास हाय.”

तरी मी ‘बौद्धजन मंडळ’ लिहिलं. मागून चिटणीस दयारामकाका बोलले. एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस, अर्ध्या वाटेत थांबायची सवय नाही.

“अर्धं नाव लिवायचं न्हाय.”

“काका, वेळ न्हाय.”

“मग भराभर लिव. बौद्धजन विकास व शिक्षणप्रसारक मंडळ, ग्रामीण शाखा, संलग्न मुंबई शाखा, अंतर्गत महिला मंडळ, अंतर्गत तरुण मंडळ…” रजिस्टर नंबर, ठराव नंबर, संस्थापकांची नावं, वाडी, पोस्ट, तालुका, बसथांब्याच्या उजव्या हाताला. मी दातओठ खात लिहिलं आणि बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मग जातपडताळणीचा अर्ज समोर उघडला.

निकेशनं पेटीच्या नोंदी उघडून बघितल्या आणि हसत हसत जमिनीवरच बसला. “पेटी बनवणाऱ्यांनी नावाला अडीचशे अक्षरांची जागा ठेवली आणि आलेली अक्षरं मोजलीच नाहीत. काकांचं नाव उतू गेलं, शेजारच्या बंदीच्या यादीवर सांडलं. यादी खलास.”

“आपल्या मंडळाच्या नावानं?” काकांनी टोपी नीट केली.

मला हसू आवरेना. हसतच कागद चढवले. पावणेपाचला पोच छापून आली.

“आता पेटी बंद करतो,” निकेश उठला. “हे भोक कंपनीला कळवायला पायजे. आज आपण घुसलो, उद्या कोणीबी घुसेल.”

“कळव ना. सहा वाजता कळव.”

दारात कल्पिता चपला काढत होती, त्याच अर्जासाठी आलेली, हातात शाळेचा दाखला. तिच्यामागं मैनाआत्या, दोन पोरींचे कागद छातीशी धरून.

“पाचपर्यंत वायरला हात लावशील तर बघ,” मी म्हटलं.

काकांनी खुर्ची ओढली आणि पेटीपुढं ठाण मांडलं.