धुळे कसं बनवायचं?

त्र्याण्णव साली धुळ्याची संघमित्रा जळगावच्या कॉम्प्युटर सेंटरात नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात यंत्रानं तिच्या गावाचा उद्धार केला. गावागावाचे हवामानाचे तक्ते काढायचे होते. धुळ्यासाठी तिनं हुकूम टाइप केला: make GAON= Dhule. पडद्यावर इंग्रजीत उत्तर उमटलं, 'धुळे कसं बनवायचं, ठाऊक नाही. थांबतो.'

शेजारचे प्रकाशचंद पक्के जळगावकर. ते हसून खुर्चीतच लोळले. "मशीनले बी माहीत शे, धुळं काही बनत नसतं!" सगळं सेंटर खो खो हसलं.

संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ती ओळ डोळे फाडून वाचली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. बरोबरच्या चिन्हापुढे एक स्पेस जास्तीची पडली होती! त्यामुळे गावाची जागा रिकामी राहिली आणि धुळे म्हणजे बनवायची कुठलीतरी वेगळीच वस्तू, असं यंत्राला वाटलं. तिनं स्पेस खोडली. धुळ्याचा तक्ता कर्रकर्र करत प्रिंटरातून बाहेर आला.

मग तिनं मुद्दाम स्पेस सोडून जळगाव टाकलं. 'जळगाव कसं बनवायचं, ठाऊक नाही. थांबतो.'

"प्रकाशचंदभाऊ, माझं धुळं छापून झालं," ती म्हणाली. "तुमचं जळगाव मात्र अजून बनायचंच आहे!"