पायांची मापं सांभाळणारा कंटेनर

मी कंटेनर बोलतोय. बंदरावरचा लोखंडी नव्हे हो. बूट शिवणाऱ्या एका दुकानात टेबलाखाली जुना संगणक आहे. त्याच्या पोटात थाटलेला मी एक छोटासा बंदिस्त संसार. फाईली ठेवायच्या, मागितल्या की द्यायच्या, हे माझं काम. वय एक महिना. माझ्याआधी तेरा होऊन गेले.

मालकांना भाची मामा म्हणते, म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणतात. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, अशांचे बूट ते शिवतात. कागदावर पाऊल ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची. अशी दोनशे बारा माणसांची पावलं जमली होती. कागदांना कसर लागली तशी मामांनी ती स्कॅन केली. "आपला माल परक्याच्या कोठीत कशाला?" म्हणत, चुकतमाकत शिकून स्वतःच सर्व्हर उभा केला. कागद रद्दीत दिले.

इथेच घात झाला. पहिल्या कंटेनरला मामांनी बाहेरच्या डिस्कची वाट दाखवलीच नव्हती. त्या बिचाऱ्याने सगळी पावलं स्वतःच्याच पोटात ठेवली. आम्हाला काढलं की पोटातलं आमच्याबरोबर जातं. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, मामांनी जुना काढून नवा बसवला. नवा रिकामा.

"कागद आहेत ना?" भाचीने विचारलं.

"रद्दीत गेले."

मामी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "कपाटात अडचण होते म्हणत होतात. झाली ना ऐसपैस जागा?"

मामा तिसऱ्या दिवशी एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला बसले.

"आजी, तुमचा पाय परत हवाय."

"एकदा दिला होता की रे. हरवलास?"

"हरवला. चूक माझी."

"येते. नाहीतरी तो तेव्हासारखा राहिलाय कुठे."

ज्यांना येववत नव्हतं त्यांच्या घरी जाऊन मामा फरशीवर गुडघे टेकून बसले. तीन महिन्यांत दोनशे तीन पावलं परत आली. नऊ माणसं आता नाहीत. ही गोष्ट मामा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला न लपवता सांगतात. मीही तशीच ऐकली.

आता पावलं बाहेरच्या डिस्कवर असतात, दुसरी प्रत भाचीच्या घरी. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा धडधाकट कंटेनर मुद्दाम मोडतात, नवा बसवतात, पावलं जागेवर आहेत का बघतात.

"चालतंय ते कशाला मोडतोस, मामा?" भाची विचारते.

"चालतंय तोवरच मोडून बघायचं, बाई."

आज माझा सोमवार. जाताना थोडं जड जातंय, खोटं कशाला बोलू? पण माझ्या पोटात काही नाही, हाच माझा अभिमान. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद राबत असेल, तर त्याला एकदा मोडून बघा. त्याला राग यायचा नाही.

बाकावर एक बाई डावा बूट काढून थांबल्यात. त्यांचं पाऊल आता पुढच्या कंटेनरने दाखवायचंय.

मामा, दाबा बटण.