सात खणांची पेटी

श्रावण लागला त्या आठवड्यापासून माझी बायको थोडीथोडी हत्यारं होऊ लागली. पहिल्यांदा उजव्या हाताचं एक बोट गेलं. सकाळी पाहिलं तर तिच्या उशीवर दहा-अकराचा पाना पडला होता आणि ती उरलेल्या बोटांनी केस बांधत होती. मी पाना उचलून पाहिला. कोमट होता. मी तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा मिस्त्री. पाना हातात आला की माल कसला आहे ते मला कळतं. माल चांगला होता. रत्नप्रभाला मी तसं सांगितलं, तर ती म्हणाली, चला, एवढ्या वर्षांत माझ्यातलं काहीतरी तुमच्या पसंतीला उतरलं.

मग रोजच काही ना काही जायला लागलं. डाव्या पावलाची हातोडी झाली. गुडघ्यांचे दोन गोटीपाने झाले. तिच्या रागाची कानस झाली, आणि ती इतकी खरखरीत निघाली की मी ती फडक्यात गुंडाळून ठेवली. माहेरच्या आठवणी एका दुपारीच गेल्या. त्यांचा पातळ पात्यांचा जुडगा झाला, फट मोजायला वापरतात तसला. तेव्हापासून ती मला स्वतःच्या भावाचं नाव विचारू लागली. मला फार वाईट वाटायचं, पण मी दर वेळी नीट सांगायचो. डॉक्टरांनी तपासलं आणि रोज तेल लावत जा म्हणाले.

तिचं जे जे हत्यार व्हायचं ते मी घराशेजारच्या गॅरेजात एका घमेल्यात ठेवत होतो. गॅरेज गाडीसाठी बांधलं होतं. गाडी कधी आली नाही, त्यामुळे तिथं माझी हत्यारं, एक कामाचं टेबल आणि बरीच मोकळी जागा होती. एकदा शेजारचे कुरुंदवाडे खिळा ठोकायला हातोडी मागायला आले. मी घरात नव्हतो. ते घमेल्यातून तिचं डावं पाऊल घेऊन गेले. परत आणून दिलं, पण तोवर दिवसभर ती कण्हत होती, आणि कुणी ठोकतंय मला, एवढंच सांगत होती. त्या दिवशी मी ठरवलं की कुलपाची पेटी घ्यायची. तिचं कणभरसुद्धा हरवू द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

दुकानात जाईपर्यंत ती कमरेपासून वर उरली होती. मी तिला कडेवर घेतलं आणि बाकीची पिशवीत. दुकानदार मगदूम वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पिशवी हातानं तोलून पाहिली, अजून काय काय जायचं राहिलंय ते विचारलं आणि खण किती लागतील याचा अंदाज करायला लागले. रत्नप्रभानं त्यांच्या आधी हिशेब केला. हात, तोंड, डोळे, बोलणं धरून सात खण पुरे, म्हणाली. मगदूमांनी चाकं असलेली पेटी पुढे ओढली.

"चाकाची नको," ती म्हणाली. "मी कुठं जाणार हाय?"

मगदूमांनी मान डोलावली आणि मला एक गोष्ट बजावली. "एकदा खणात ठेवल्या की बाहेर काढायचं न्हाई, मिस्त्री. खणात हाईत तोवर वहिनी. बाहेर काढलं की नुसतं हत्यार."

बिनचाकाच्या दोन पेट्या होत्या, दोन्ही लाल, दोन्ही सात खणांच्या. पहिलीचे सगळे खण एकाच वेळी उघडता यायचे. मगदूमांनी ते उघडून दाखवले तर पेटी पुढे कलंडली आणि त्यांनी ती गुडघ्यानं अडवली. दुसरीला मागच्या बाजूनं एक लोखंडी पट्टी होती. एक खण ओढला की बाकीचे सहा आपोआप अडकायचे. ती पेटी कधी पडणार नव्हती. माझ्या गॅरेजच्या फरशीला पाणी जायला दाराकडे उतार दिलेला आहे. शिवाय कारखान्यात असलं एक कपाट माणसाच्या अंगावर पडलेलं मी पाहिलं होतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी दुसरी पेटी बांधायला सांगितली.

"ही नको," रत्नप्रभा म्हणाली.

"ती दुसरी पडेल."

"पडू दे की. मला सगळी एका जागी असू दे."

मी तिला उताराचं गणित समजावून सांगितलं. नवीन कामगाराला सांगतात त्या आवाजात सांगितलं. रिक्षात तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली, तेव्हा ती कडक झाल्याचं मला जाणवलं.

महिन्याभरात ती सगळी पेटीत गेली. मी जॉबरच्या शिस्तीनं लावली, जड खाली आणि हलकं वर. डाव्या हाताची पक्कड झाली, ती तिसऱ्या खणात. डोळ्यांच्या दोन गुळगुळीत गोळ्या झाल्या, त्या दुसऱ्या. शेवटी आवाज गेला. त्याची सपाटी बघायची पाणसळ झाली, आणि ती सगळ्यांत वरच्या खणात ठेवून मी कुलूप लावलं. काहीही हरवलं नव्हतं. मी दोनदा मोजून पाहिलं.

वरचा खण उघडला की ती बोलायची, पण कोण आलंय ते तिला दिसायचं नाही. "कोण हाय?" असं ती रोज विचारायची आणि मी रोज माझं नाव सांगायचो. तो बंद करून दुसरा उघडला की डोळे माझ्याकडे बघायचे. काहीतरी सांगायचं असल्यासारखे बघायचे आणि नुसतेच बघत राहायचे. तिसऱ्या खणात बोट घातलं की पक्कड ते हलकेच धरायची, पण कुणाचं बोट आहे ते तिला कळत नव्हतं. मी वरच्या खणात तोंड घालून सांगायचो की आता तुझा हात धरतो, मग तो बंद करून तिसरा ओढायचो. पण हाताला काही पत्ता नसायचा. मी दिवसभर या खणापासून त्या खणापर्यंत निरोप पोचवत होतो आणि एकही पोचत नव्हता.

"माझे हात गेले का वो?" एकदा तिनं विचारलं.

"आहेत. दोन खण खाली."

"खोटं बोलताय तुम्ही."

मी पेटीशेजारी बसलो आणि रडलो. ती ऐकत होती, पण कोण रडतंय ते तिनं विचारलं नाही.

खंडेनवमीला आमच्यात सगळी हत्यारं घासूनपुसून एका पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं घालतात. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. तीस वर्षांत त्या दिवशी मी साधा स्क्रू पिळला नाही. एकदा तर माग बंद पडला म्हणून बोलवायला आलेल्या मालकांना मी दारातून परत पाठवलं होतं. यंदा सकाळी मी माझी हत्यारं पाटावर मांडली. तिला मात्र बाहेर काढता येत नव्हतं. म्हणून बोटाला कुंकू लावून मी एकेक खण उघडू लागलो. सातवा, सहावा, पाचवा, असं करत वर आलो.

"आज सगळी हत्यारं एका पाटावर बसत्यात," वरच्या खणातून ती म्हणाली. "मी एकटीच का हो बाजूला?"

मी पाटावरच्या लोखंड कापायच्या करवतीवरून झेंडूचं फूल काढून ठेवलं, करवत उचलली आणि पेटीमागे जाऊन पट्टी कापायला लागलो. पट्टी जाड होती. अर्ध्या तासानं ती तुटून खाली पडली.

पुढे येऊन मी सगळ्यांत खालचा खण पूर्ण ओढला. तो उघडाच राहिला. मग वरचा, मग त्याच्या वरचा. गुडघे आले, कानस आली, माहेर आलं. पक्कड उघडमीट करू लागली. डोळे आधी पकडीकडे वळले आणि मग माझ्याकडे. मी वरचा खण शेवटपर्यंत ओढला.

"अगं बाई," ती म्हणाली, "सगळी हाय की मी. आणि हे तुम्ही. किती वाळलात."

पेटीची मागची बाजू फरशीवरून सुटली. उतार दाराकडे होता आणि दार माझ्या पाठीमागे. सातही खण माझ्या छातीशी आले.

"बाजूला व्हा," ती म्हणाली, आणि तिसऱ्या खणातल्या हातानं माझा सदरा घट्ट धरला.