डावीकडे अडणारा दांडा

ईराने शेवटचा स्क्रू दातांत धरला आणि मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला.

"अण्णा, टॉर्च इकडे. माझ्या नाकावर नको."

गिरीराज अण्णांनी मोबाइल तिरका केला. राजाजीनगरातलं हे व्हिडिओ गेमचं दुकान त्यांच्या वडिलांनी थाटलेलं. अण्णा घरात मराठी बोलत, गल्ल्यावर कन्नड, आणि वैतागले की दोन्ही.

"अक्कांना विचारलंस का पण?"

"मशीन तुमचं की अक्कांचं?"

अण्णांनी जरा विचार केला. "कागदावर माझंच आहे."

ईराच्या मागे उभी असलेली कस्तुरी फिदीफिदी हसली. दोघी एका वर्गातल्या, दोघी महादेवपुऱ्याच्या. रविवार आला की मेट्रो बदलून इथवर यायचं, आणि तेही एका मांजरीसाठी. खेळ म्हणाल तर अगदीच बाळबोध. चौकोनी ठिपक्यांची एक मांजर इमारतीच्या सज्ज्यांवरून उड्या मारत गच्ची गाठते, आणि वरून कुणीतरी तिच्यावर कुंड्या टाकत असतं. बस्स, एवढंच! ईराच्या फोनमध्ये याहून शंभरपट देखणे खेळ होते आणि आठवड्याभरात ते तिला नकोसे व्हायचे. ही ठिपक्यांची मांजर मात्र गणिताच्या तासालासुद्धा डोक्यात उड्या मारायची. असं का, ते तिला काही केल्या कळत नव्हतं.

आणि या खेळात ईरा हेमलता अक्कांना एकदाही हरवू शकली नव्हती. अक्का म्हणजे विमानांच्या कारखान्यातल्या निवृत्त इंजिनिअर. भाजीची पिशवी घेऊन यायच्या, उभ्या-उभ्या सगळ्यांना लोळवायच्या आणि कोथिंबीर सुकायच्या आत घरी जायच्या.

ईराचं म्हणणं एकच. मशीनचा दांडा डावीकडे अडतो. जोर करावा तर मांजर उशिरा हलते, तोवर कुंडी डोक्यात. "दांडा नीट असता तर कधीच जिंकले असते," हे तिने शाळेत इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी कस्तुरी म्हणाली होती, "मग नीट कर ना, बाई. रोबोटिक्स क्लबची कॅप्टन कशाला झालीस?"

दांड्याखालचा नवा स्विच बसला. ईराने दांडा डावीकडे ढकलला. टक्‌! कुठे कुरकुर नाही, काही नाही.

"काय गं पुणेकरीण, आज ऑपरेशन?" दारातून अक्कांचा आवाज आला. ईरा मूळची पुण्याची, म्हणून अक्कांची हाक हीच.

"दांडा नीट केला, अक्का. आता कुणालाच सबब नाही."

"सबब तुझीच होती. मला कुठे लागत होती?" अक्कांनी पिशवी भिंतीला टेकवली. "सरी, बरं तर. हो पुढे."

ईरा आधी खेळली. मांजर लोण्यावरून सरकावी तशी सरकली. गच्ची आली, पुढची इमारत आली, तीही सर झाली. इतका सुंदर डाव तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

मग अक्का. त्या नेहमीसारख्या पाय फाकवून उभ्या राहिल्या, उजवा खांदा किंचित झुकवला. डावीकडे जायची वेळ यायच्या आधीच त्यांचा हात निघाला, मनगटाने दणका दिला आणि मांजर सज्जा ओलांडून थेट खाली गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अक्कांनी हात आवरला, पण हाताने ऐकलं नाही.

"जिंकलीस! ईरा, जिंकलीस!" कस्तुरीने तिला गच्च मिठी मारली. ईरानेही अशी आरोळी ठोकली की पलीकडचा चहावाला डोकावून गेला.

अक्का स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, जणू तो आत्ताच कुणीतरी आणून जोडला होता.

"अक्का," ईरा म्हणाली, "तुम्ही इंजिनिअर. मग इतकी वर्षं तुम्हीच का नाही केलात दुरुस्त?"

"बिघडलाय असं वाटलंच नाही गं कधी. मला वाटायचं, मांजर आहे. दोनदा सांगितल्याशिवाय ऐकते कुठे!"

ईराला खुदकन हसू आलं. मग ते अर्ध्यातच थांबलं. तिला माहीत करून घ्यायचं होतं की दोघींत सरस कोण. जुन्या दांड्यावर ती हरली होती, नव्यावर अक्का हरल्या होत्या. आणि ते माहीत व्हायचं राहूनच गेलं होतं.

"जुना स्विच परत बसवू?" तिने हळूच विचारलं.

"वेडी का तू?" कस्तुरी ओरडली.

"काही नको," अक्का म्हणाल्या. "हरले ते हरले. रडीचा डाव नाही खेळत मी. जिंकणाऱ्याने जागा सोडायची नाही, उभी राहा तिथेच."

ईराशी खेळायला दोन कॉलेजच्या मुली आधीच थांबलेल्या होत्या. अक्का त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, तुम्ही? रांगेत?" अण्णांना राहवलं नाही.

"मग? तू काय मला खुर्ची देणार?"

पहिली मुलगी पुढे आली. ईराने डाव सुरू केला. मांजर निघाली, एक सज्जा, दुसरा सज्जा. पडद्याच्या काचेत मागचं दुकान अंधुक दिसत होतं आणि त्यात अक्का. त्यांचा उजवा हात हवेतच मूठ वळून होता. मूठ डावीकडे गेली, जोरात. अक्कांनी मान हलवली. पुन्हा गेली, जरा बेताने. मग मूठ उलगडली, उरली फक्त दोन बोटं, आणि ती इतक्या हलक्याने सरकली की काच पुसतायत असं वाटावं. अक्कांच्या भुवया वर गेल्या. ओठ काहीतरी पुटपुटले. बोटं पुन्हा सरकली.

वरून कुंडी पडली. मांजर जागची हललीच नव्हती.

"अगं ए, लक्ष कुठाय तुझं?" कस्तुरी किंचाळली.

ईराने दांडा सोडला होता. ती पुरती मागे वळली होती.

"थांब गं," ती म्हणाली. "बघू दे मला."