कोण नको ते सांगा

नवी शेड झाली तवा आमाला वाटलं, आता सुख लागलं. डोक्यावर पत्रा, बसायला लादीचे ओटे, हात धुवायला नळ. मग आमी ओटे मोजले. ओटे तीस, आन बाया चाळीस.

बोईसरच्या त्या मासळी बाजारात आमी सातपाटीच्या अठरा जणी. नवापूरच्या चौदा, त्याबी दर्याकडच्याच. आन मनोरकडून नदीचे मासे न खेकडे घेऊन येणाऱ्या डोंगराकडच्या आठ. जुन्या बाजारात या आठ जणी गटाराच्या कडंला बसायच्या. माजी मोठी जाऊ जयवंती, तिनं बसवलेल्या. "चिखलातला माल चिखलाजवळ," असं तोंडावर म्हणायची. ती बोलली का बाजार गप.

बाजाराची व्यवस्था बघणारा केदार म्हणून माणूस आला. म्हणाला, "मुख्य बाई तुम्हीच निवडा. ती ठरवेल कोण ओट्यावर आणि कोण बाहेर. आज नाव घेतल्याशिवाय मी जायचा नाही."

जयवंती उभी राहिली. नवापूरची इंदुबाई उभी राहिली. या दोघींचं बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. एकीच्या पाटीवर माशी बसली तरी दुसरीनं पाठवली म्हणायची. आन मग मागून डोंगराकडची बुधी उठली. आमी हसलो.

केदारनं हात वर करायला सांगितलं. आमचे अठरा, इंदूचे चौदा, बुधीचे आठ.

"झालं," जयवंती म्हणाली. "लिही रे माजं नाव."

"थांब गो!" इंदू ओरडली. "अठराला तू हवीस, पन बावीस बायांना नकोस, त्याचं काय? खालचीला काढा. ऱ्हायलेल्या दोघींसाठी परत हात वर करा."

जयवंती काय खुळी नाय. बुधीला काढली तर तिच्या आठ जणी कुणाकडं जाणार, ते तिला ठाऊक. गटारावर कुणी बसवलं ते त्या विसरल्या नव्हत्या. आठ न चौदा बावीस, म्हंजे इंदू आली.

"एका बाईनं दोनदा हात वर करायचा? ही कुठली रीत?"

"तुला भ्या वाटतं ती रीत!"

"भ्या? मला?" जयवंतीनं पदर खोचला, रागात तिची मोजणी सुटली. "तुजं काटा मारलेलं वजन सगळ्या बोईसरला म्हाईत हाय. नको म्हणणाऱ्या बायांचीच मोजणी करायची ना? चला, तीच करू! जिच्या पाटीत नकोपना जास्त, तिचं तोंड काळं. जिच्या पाटीत कमी, ती मुख्य."

"कर! बघतेच तुजी पाटी कशी भरते!"

केदारनं दोघींना विचारलं, "हे कबूल? मग मागं फिरायचं नाही." दोघींनी एका दमात हो म्हटलं. आयुष्यात एकदाच एकमेकींचं ऐकलं, आन ते असं.

आडोशाला तीन पाट्या ठेवल्या, वर फडकी टाकली. एकेकीच्या हातात एक शिंपली. जी बाई नको, तिच्या पाटीत टाकायची. केदार तिसरी पाटी ठेवत होता तर जयवंती म्हणते, "तिची कशाला रे, जागा अडते."

"ती पण उभी आहे, ताई."

"ठेव, ठेव. आपलं काय जातंय."

मग आमाला बाजूला घेऊन म्हणाली, "ऐका. सगळ्या शिंपल्या इंदूच्या पाटीत. एक बी वाया घालवायची नाय." पलीकडं इंदू तिच्या बायांच्या कानात तेच घालत होती, नाव तेवढं दुसरं.

आडोशामागं मी गेले, इंदूच्या पाटीत शिंपली टाकली. चांगली जोरात टाकली.

फडकी काढली. जयवंतीच्या पाटीत बावीस. इंदूच्या पाटीत अठरा. बुधीची पाटी धुतल्यावानी साफ.

केदारनं शिंपल्या परत मोजल्या. मग म्हणाला, "सगळ्यात कमी म्हणजे... बुधीबाई."

असा गलका झाला का बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावलं. "आठ हातांची बाई चाळीसांवर?" जयवंती केदारच्या अंगावर गेली. "तिला कोणी हवी म्हटली?"

"नको पण कोणी म्हटलं नाही, ताई. तुमचीच रीत."

"आमी तिचा इचारच केला नवता!"

"ते मला काय ठावं नाय?" बुधी म्हणाली. "कदी केलास तू?"

"मग आता करते! बुधी नको, त्यांनी हात वर करा! समोर!"

केदार नको म्हणत होता. पन बुधीच उठून पुढं आली. "करू दे. निम्म्याहून जास्त हात आले तर मी जाते. पन माज्या तोंडाकडं बघून करा."

आमचे अठरा हात गेले वर. माजा बी. आनखी तीन हवे होते. जयवंती इंदूकडं बघत होती. इतक्या वर्षांत पैल्यांदा तिनं इंदूला नाव घेऊन हाक मारली, "इंदू, दर्याची बाय ना तू? हे बगत ऱ्हानार?"

इंदूचा हात उठला. खांद्यापर्यंत आला. तिच्यामागं तेरा जणींचे हात हलायला लागले.

आन ती केदारला विचारते, "ही पडली तर मग कोण?"

"मग ही नकोची रीतच मोडली, पहिली मोजणी धरावी लागेल. जयवंतीताई."

इंदूचा हात तसाच मागं गेला न अंबाड्यावर बसला. केस सारखे करत म्हणाली, "माजा हात दुकतो." मागच्या तेरा जणींचे हात बी कुणाचे पदराकडं, कुणाचे कानाकडं गेले.

"अठरा," केदार म्हणाला, न नाव लिहून निघून गेला.

जयवंती इंदूवर थुंकली. लागलं नाय, पन थुंकली. "मला पाडायला तू हिला डोक्यावर घेतलीस!"

"तुज्यापरीस कोनबी बरी," इंदू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बुधीनं ओटे वाटले. तिच्या आठ जणी दाराजवळच्या ओळीत. तिची सून स्वाती ऐन तोंडावर, खेकड्यांची टोपली घेऊन. जयवंतीला चांगला ओटा दिला. इंदूला बी दिला. बाहेर पाच आमच्या, पाच नवापूरच्या. आमच्या पाचांत मी.

माजं डोकं फिरलं. पाटी आपटून तिला म्हटलं, "सूड घ्यायचा तर जयवंतीवर घे की! मी तुजं काय केलं?"

बुधी खेकड्यांच्या नांग्या बांधत होती. मान बी वर केली नाय. "जयवंती बाहेर बसली तर तुमी अठरा जणी उठाल. तू बसलीस तर कोण उठतंय? बघ तुज्या मागं."

मी बघितलं. आमच्या बाया मासे मांडत होत्या. कोणी बर्फ फोडत होती. एक बी उठली नाय.

मी जावेकडं गेले. म्हटलं, "वयनी, ओट्याच्या कडंला माजी पाटी ठेवते. इतभर जागा दे."

तिनं ओट्यावर तिची पिशवी, छत्री, डबा, सगळं पसरलं होतं. त्यातली छत्री जरा इकडं सरकवली, माज्या बाजूला.

"ओटा लहान हाय गो हिरा."

घरी जाताना टेम्पोत ती माज्याच शेजारी बसली. "तीन वर्सांनी परत निवड हाय," म्हणाली. "तवा हिला दाखवू."

"दाखव," मी म्हटलं. "मला तुज्या अठरांत धरू नको. आमी बाहेरच्या दहा जणी हाव. आमची आमी उभी करू."

ती हसली. "दहा हातांनी काय व्हतं गो?"

मी पाटी मांडीवर आवळून धरली. बुधीकडं आठच होते.