सालेटोल्याचा थांबा

धानोरा-गडचिरोली रस्त्यावर सरकारी मोटार सुरू व्हायची होती. थांबा कोणत्या गावाला द्यायचा, हे ठरवण्यासाठी हंगामी कारकून बापूजी मोहाच्या झाडाखाली बसून रस्त्यावरची माणसं मोजत होते. पलीकडे सालेटोल्याच्या वेशीवर चाळीसेक माणसं उभी दिसली. भर उन्हात उठून चौकशी कोण करणार? बापूजींनी चाळीस प्रवासी लिहिले आणि सालेटोल्याला थांबा मंजूर झाला.

पहिल्या दिवशी मोठे साहेब बापूजींना सोबत घेऊन स्वतः मोटारीत बसले. बापूजींना कायम करण्याचा कागद सहीविना साहेबांच्या खिशात होता, म्हणून बापूजी सकाळपासून देवाला आळवत होते. वेशीवर पुन्हा चाळीस माणसं दिसली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

मोटार थांबली. सुगंधाबाई बोचकं सांभाळत चढली. बाकीचे जागचे हलेनात.

"चढा ना जी!" बापूजी ओरडले.

"आमी कायले?" म्हातारा मुखरू म्हणाला. "बाई गडचिरोलीले लेकीकडे जाऊन राह्यली. आमी त तिले पोचवाले आलो."

आता कुठे बापूजींच्या डोक्यात प्रकाश पडला. गावातून एक माणूस निघालं की अख्खा टोला त्याला वेशीपर्यंत पोचवतो, आणि आपण त्या दिवशी पोचवणारेच मोजले! आता थांबा गेला, नोकरीही गेली. साहेबांचा हात खिशाकडे वळलेला पाहून तर त्यांना रडूच यायला लागलं.

पण मरता क्या न करता! ते खाली उतरले आणि मुखरूपुढे हात जोडून म्हणाले, "भाऊ, वेशीवरूनच परतता काऊन? बाई मोटारीत एकटीच. हे काय पोचवनं झालं? पोचवाचं त लेकीच्या दारापर्यंत पोचवा!"

मुखरूच्या मिशा थरथरल्या. परक्या माणसानं गावाला रीत शिकवावी? "चढा रे सारे!" तो गरजला.

दाटीवाटीनं सगळे चढले. एक जण तर साहेबांच्या मांडीवर आपलं गाठोडं ठेवून मोकळा झाला. गडचिरोलीत लेकीनं एवढं माहेर दारात पाहिलं आणि आनंदानं तिला हुंदका आवरेना. तिनं सगळ्यांना रात्री ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या मोटारीपाशी ऐंशी माणसांची गर्दी उसळली. साहेबांनी स्वतः डोकी मोजली, खूष होऊन दुसरी मोटार मंजूर केली आणि बापूजींच्या कागदावर तिथंच सही ठोकली.

त्यातली चाळीस माणसं लेकीच्या मोहल्ल्यातली होती आणि पाहुण्यांना पोचवायला आली होती. बापूजींनी सांगायला तोंड उघडलं, सहीची शाई अजून ओली पाहिली आणि मुकाट्यानं मिटून घेतलं.